किल्ली मागायची राहिली

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल, तूही खुशाल असावीस. एवढं लिहिलं की पत्राचा निम्मा धर्म पार पडतो असं आमच्या वेळी मानत, म्हणून ते आधी उरकलं.

पाकीट बघून चमकली असशील. मेल तू उघडत नाहीस. फोन केला की 'नंतर करते' येतं, आणि ते नंतर काही उजाडत नाही. पोस्टमनचं बरं असतं, तो विचारत बसत नाही, दारात टाकून जातो. शिवाय माझं अक्षर अजून चांगलं आहे, ते कुणाला तरी दाखवायला हवं.

तुझे आतोबा निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूचे स्क्रू काढून पुन्हा बसवतात. परवा मिक्सर दुरुस्त केला. आता तो बंद होत नाही, पिन उपटावी लागते. दादाची तब्येत छान सुधारलीय. परवा गेले तर काठी न घेता फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "पोचवायला नाही आलो, तू खरंच जातेस ना ते बघायला आलो." माझा भाऊ परत आला म्हणायचा. अंगात नवा स्वेटर होता. तू येऊन गेलीस हे मला त्या स्वेटरवरून कळलं. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे. असो.

आता बातमी. 'तासिका'चं संमेलन भरतंय आणि ते आपल्या शाळेत भरतंय. आपली म्हणजे माझी. मी निवृत्त झाले म्हणून ती काही दुसऱ्या कुणाची झाली नाही.

सभागृह मिळवायला मुख्याध्यापकांकडे गेले. हे नवीन आहेत, खुर्चीत बसतात तेही परवानगी मागितल्यासारखे. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हटलं, सर, मी पर्यवेक्षिका होते तेव्हा दरवर्षी शाळा उघडायच्या आधी कागदाचे चौकोन कापून जेवणाच्या टेबलावर वेळापत्रक मांडायचे. एक शिंक आली की सहावीचं गणित उडून आठवीत जायचं. माझी भाची तेव्हा कॉलेजात होती. ते बघून तिने 'तासिका' नावाचा प्रोग्राम लिहिला, की शिक्षक घाला, वर्ग घाला, वेळापत्रक तयार. आणि तो कोडसकट जगाला देऊन टाकला. कुणीही वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. आज कुठल्या कुठल्या शाळा तो वापरतात आणि कुठली कुठली माणसं त्यात भर घालतात. त्या माणसांचं संमेलन आहे.

"फुकट?" सर म्हणाले. "मग यात तुमचं काय?"

"लष्कराच्या भाकऱ्या."

"असं कोणी भाजतं का हो?"

"तुमच्या टेबलाच्या काचेखाली जे वेळापत्रक आहे ना सर, ते त्यातल्याच एका भाकरीवर चाललंय."

त्यांनी काचेकडे बघितलं आणि सभागृहाबरोबर खालचे चार वर्गही दिले.

समितीत आम्ही तिघं. इथे कुणाला नावं नसतात, टोपणनावं असतात, हे मी तुला काय सांगणार, सुगरणबाई. जिच्या हातून उतू गेल्याशिवाय दूध तापत नाही तिने जगात स्वतःला सुगरण म्हणवून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं होतं की इंटरनेटवर काहीही खपतं. मी तिथे नुसती 'बाई'. दुसरी मुंगी. ही एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभरात चार वाक्यं बोलते आणि प्रोग्राममधल्या चुका मात्र बरोबर हुडकून काढते. तू 'तासिका' सोडून गेल्यावर आली, म्हणून तुम्हा दोघींची गाठ नाही. आणि तिसरा घुबड.

घुबडाचं नाव वाचून पत्र खाली ठेवलं असशील. पाणी पी आणि पुन्हा उचल.

तर आमच्या पहिल्या तीन बैठका संमेलनाच्या बोधचिन्हाचा रंग कुठला, यावर गेल्या. चौथीत मी विचारलं, एवढी माणसं जाणार कुठे? घुबड म्हणाला, "कुठे म्हणजे?" म्हटलं, "संडासला." दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की जसा काही मी नवाच प्रश्न शोधून काढलाय. तेव्हापासून व्यवस्था माझ्याकडे आहे आणि रंग त्यांच्याकडे.

एक मात्र आहे. आत्ताच्या आवृत्तीत एक गोम निघालीय. ज्या शाळा दोन पाळ्यांत भरतात तिथे 'तासिका' जेवणाच्या सुट्टीला रिकामा तास समजते आणि त्यावर बदली शिक्षक नेमून मोकळी होते. एका शिक्षिकेने ग्रुपवर लिहिलंय की मुलं डबा मांडीवर ठेवून भूगोल ऐकतात. मुंगीने ती चूक केव्हाच दुरुस्त केली. पण दुरुस्त झालेलं शाळांपर्यंत पोचत नाही. का पोचत नाही ते तुला माहीत आहे, आणि मला तो विषय काढायचा नाही. मी हे तुला सांगत नाहीये, नुसतं लिहितेय.

आणखीही एक लिहायचं होतं, पण पाकीट जड होईल. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आत्या


८ मार्च, शनिवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. थोडक्यात गोडी मानायची सवय मला नोकरीने लावली.

आधी हसण्यासारखं सांगते, मग दुसरं.

संमेलनाचं वेळापत्रक लावायचं ठरलं. जगातल्या शाळांना वेळापत्रकं पुरवणारी माणसं आम्ही, तेव्हा ते 'तासिके'नेच लावायचं हे ओघाने आलं. मुंगी म्हणाली, दुरुस्त केलेली आवृत्ती माझ्याकडे आहे, ती वापरू. तर घुबडाने मान वळवली. (त्याला घुबड रात्री जागतो म्हणून म्हणतात असं मला वाटायचं. तसं नाही. त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाकडे पाठ असतानाही तो नुसती मान वळवून बोलतो.) म्हणाला, "नाही. शाळांच्या पानात जे पडतं तेच आपल्या पानात पडलं पाहिजे. तत्त्व आहे."

तत्त्व आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार. आलेल्या सगळ्यांची नावं, कामं, मोकळ्या वेळा भरल्या, कळ दाबली आणि निघालेलं वेळापत्रक त्याने न वाचता जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणावळवाल्या काकू माझ्या दारात. जेवणाचं कंत्राट त्यांच्याकडे आहे. हातात फोन, चेहरा पडलेला.

"बाई, मी काही चुकले का?"

"का हो?"

"यात लिहिलंय, शनिवारी दुपारी एक वाजता माझं भाषण आहे. 'कोडचा विश्वासार्ह पुरवठा.' माझा नातू म्हणाला, आजी, तुला बोलावंच लागणार. आता मी बोलत बसले तर वाढणार कोण?"

झालं होतं असं की आम्ही भोळेपणाने काकूंचंही नाव यादीत घातलं होतं. 'तासिके'ला जेवणाची सुट्टी दिसली रिकामी, काकू दिसल्या मोकळ्या, तिने त्यांना बदली तास दिला. चहाच्या सुट्टीत तुझ्या आतोबांना दिला, विषय 'नव्यांचं स्वागत'. ते मात्र तयारीला लागले होते. त्यांना आवरायला मला संध्याकाळ पुरली नाही.

मी इतकी हसले की काकू घाबरल्या. मग एकदम वाटलं, हे तुला फोन करून सांगावं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. हसू तिथंच थांबलं.

आता दुसरं.

घुबडाचं तत्त्व असं उलटल्यावर समितीची बैठक झाली, आणि पहिल्यांदा कुणी रंगावर बोललं नाही. प्रश्न सरळ होता. नवी आवृत्ती तुझ्या किल्लीने, म्हणजे तुझ्या संगणकातल्या त्या गुप्त आकड्यांनी, सही केल्याशिवाय शाळांचे संगणक घेत नाहीत. कुणा भामट्याने 'तासिके'च्या नावावर भलतंच काही पाठवू नये म्हणून तूच ती सोय केलीस, आणि ती चांगलीच केलीस. पण किल्ली एक आणि ती तुझ्याकडे. तू गेलीस तशी गोष्ट तिथेच अडली. घुबड म्हणाला, वाटा दोनच. एक, सुगरणने किल्ली द्यावी, नाहीतर आम्ही नवी किल्ली बनवतो, तिच्यासाठी आपल्या जुन्या किल्लीची साक्ष द्यावी. तिने एकदा साक्ष दिली की सगळ्या शाळा आपोआप नवी किल्ली मानतील. दोन, ते नाही झालं तर एकेका शाळेला गाठून, समजावून, तिथल्या माणसाकडून हाताने नवी किल्ली घालून घ्यायची.

"दुसरी वाट म्हणजे वेडेपणा आहे," तो म्हणाला. "बाई, तुम्ही तिच्या आत्या. एक पत्र लिहा. तुमचं ती ऐकेल."

मी हो म्हटलं.

ठमे, पहिलं पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तेव्हाही त्यांनी सुचवलं होतं, आणि मिक्सर, स्वेटर आणि संडास करत मी ते पाकिटात घातलंच नाही. या वेळी मात्र कबूल करून आलेय. संमेलनाच्या उद्घाटनाला मी किल्लीबद्दल सांगणार, असं कार्यक्रमात छापूनही झालंय.

तर सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय. 'तुला वेळ मिळेल तेव्हा' असं लिहिलं आणि खोडलं. 'तुझा राग मी समजू शकते, पण' असंही लिहिलं. त्या 'पण'वर पेन थांबलं. दादा दवाखान्यात होता ते दिवस आठवले. तू बाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. शाळा उघडायचे दिवस, नवी आवृत्ती एक दिवस उशिरा गेली, आणि त्या ग्रुपवर जे काय सुरू झालं ते मी तुझ्या खांद्यावरून वाचलं. 'झेपत नसेल तर सोड.' तू ते दोनदा वाचलंस, झाकण मिटलंस आणि मला म्हणालीस, "आत्या, पाणी आणतेस?" पाणी घेऊन येईपर्यंत तू सोडलं होतंस.

मी सोडलं नाही. राहिले, शाळांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले, आणि तुला वाटलं आत्या त्यांच्यात राहिली. तुझं वाटणं मला कळतं. मला ती कारकून मंडळी आणि त्या शिक्षिका आवडतात, आणि ते काम तुझ्या हातचं आहे म्हणून जास्त आवडतं. तुझ्या माघारी तुझ्या घराला झाडू मारत होते, एवढंच. पण हे तुला सांगायला तू भेटायला तरी हवीस.

आणि म्हणून मला हेही कळतं की तू किल्ली दिलीस काय किंवा साक्ष दिलीस काय, त्यासाठी तुला पुन्हा त्या दारातून आत यावं लागेल. एकदा आलीस की 'आलीच आहेस तर जरा हेही बघ' म्हणणारी माणसं दारामागे उभीच आहेत. चांगली माणसं आहेत ती, आणि तेच जास्त अवघड.

तेव्हा मी मागत नाही. हे पत्र त्याच कामासाठी लिहायला घेतलं होतं आणि ते काम त्यात होणार नाही. संमेलनात माझी फजिती होईल. होऊ दे, बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहे मी.

तुझी,
आत्या


२५ मार्च, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि आज ते हात वर करून देतेय. घसा बसलाय, पाय सुजलेत, आणि वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतंय. सगळं क्रमाने सांगते. काय झालं ते तुला एका बाजूने माहीत आहे, दुसरी बाजू माझ्याकडे आहे.

शनिवारी सकाळी माणसं यायला लागली आणि थांबेचनात. आम्ही धरली होती त्याच्या दुप्पट. प्रोग्रामवाले, शिक्षक, शाळांचे कारकून, एक तर नवराबायको दोघंही लेखनिक, दोन वेगळ्या शाळांत, आणि 'तासिके'वरून रोज जेवताना भांडणारी. वर्षानुवर्षं टोपणनावाने एकमेकांना छळणारी माणसं समोरासमोर आली की आधी लाजतात आणि मग गळ्यात पडतात. सगळ्यांना खिडकी नको, पंखा नको, प्लग हवा. तुझ्या आतोबांनी घरून विजेचे बोर्ड आणले होते, स्वतः दुरुस्त केलेले. मी देवाचं नाव घेतलं. पण एकही उडाला नाही. दोन दिवस ते सभागृहात असे फिरत होते की वीज त्यांनीच शोधलीय.

मग उद्घाटन. घुबड मंचावर. चार शब्द बरे बोलला आणि म्हणाला, "आता आपण सगळे ज्याची वाट बघतोय, त्या किल्लीबद्दल बाई सांगतील."

मी उठले. म्हटलं, "किल्ली आणलेली नाही. मी तिच्याकडे मागितलीच नाही."

सभागृहात कुजबुज. घुबड म्हणाला, "बाई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडलं. ती दवाखान्यात बापाच्या उशाशी बसून तुमची आमची कामं करत होती, तेव्हा तिला आपल्यातल्याच कुणी तरी लिहिलं, झेपत नसेल तर सोड. तिने सोडलं. सांगितलेलं ऐकलं म्हणून कुणाला शिक्षा करायची या शाळेत पद्धत नाही."

मी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे बघितलंही नाही. तरी मंचावरून आवाज आला, "ते मी लिहिलं होतं."

"कुणी लिहिलं ते मी विचारलेलं नाही," मी म्हटलं.

"तरी सांगतो. मी लिहिलं होतं." त्याने माईक खाली ठेवला. मान वळवली नाही, सगळ्यांच्या समोर ताठ उभा राहिला. "मला माहीत नव्हतं ती कुठे बसलीय. पण विचारलंही नव्हतं."

ही माफी मी तुझ्या वतीने घेतली नाही. ती तुझ्यासाठी आहे, घ्यायची की नाही ते तुझं तू बघ. घडलं ते मात्र लिहिलं पाहिजे.

मागून एक कारकून उठले. "ते सगळं खरं, पण आमच्या पोरांनी जेवायचं कधी?"

आणि मग मुंगी उठली. तिच्या दिवसाच्या चार वाक्यांची तिने सगळी बचत खर्च केली. म्हणाली, नवी किल्ली अशी बनवता येते की ती पाच जणांत वाटलेली असेल आणि कुठल्याही तिघांनी मिळून लावल्याशिवाय सही होणार नाही. म्हणजे कुणी एक आजारी पडलं, रागावलं, दमलं, तरी काम अडणार नाही, आणि कुणा एकाच्या डोक्यावर सगळा भारही येणार नाही. "हे मी गेल्या वर्षीच लिहिलं होतं," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, सुगरण परत येईल, कशाला?"

ठमे, मला हसू आलं. आपल्या शाळेत प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला दोन कुलपं असायची, एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, एक माझ्याकडे. एकट्याने ते कपाट कधी उघडलं नाही. जे एका कपाटाला कळलं होतं ते आम्हाला कळायला एवढा वेळ लागला, कारण तू होतीस. तू सगळं निभावून नेत होतीस, म्हणून कुणी विचारच केला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग शाळांचं काय?" घुबड म्हणाला. "एकेक शाळा गाठणार?"

"हो," मी म्हटलं. "किती बोटं आहेत या सभागृहात? आणि किती फोन?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर वेळापत्रक मांडलं. हाताने, प्रोग्रामशिवाय. खालचे चारही वर्ग उघडले. ज्याची ज्या भागात ओळख त्याने त्या भागातल्या शाळा घ्यायच्या. भाषणं सगळी रद्द. त्या माणसांनी भाषणं लिहून, पाठ करून आणली होती, पण कुणी हूं का चूं केलं नाही. आणि जेवणाच्या सुट्टीचा चौकोन मी आधी काढला, दोन रेघा मारून. काकूंनी सगळ्यात मोठी टाळी वाजवली.

पाच जण निवडले. मुंगी, मी, ती लेखनिक नवराबायको (दोघं कधीच एकमत होत नाहीत म्हणून मुद्दाम), आणि परदेशातून आलेला एक दाढीवाला, ज्याची भाषा कुणाला येत नव्हती पण कोड सगळ्यांना आवडायचा. घुबडाचं नाव कुणी तरी सुचवलं. तो म्हणाला, "मला नको. मला फोन द्या." मग आम्ही पाच जणांनी उभं राहून नव्या किल्लीची ओळख पटवणारे आकडे (गुप्त नव्हेत, चारचौघांत सांगायचे) एकेक करून मोठ्याने वाचले आणि सभागृह आपापल्या कागदावर ते पडताळत गेलं, वर्गात पाढे म्हणावेत तसं. दाढीवाला आकडे मराठीत शिकला, सातपर्यंत. ते आकडे लगेच सगळ्यांना दिसतील असे 'तासिके'च्या पानावर लावले.

आणि मग फोन. तू ते ऐकायला हवं होतंस. एका शाळेतले मुख्याध्यापक मला म्हणाले, "किल्ली बदला म्हणता, तुम्ही भामट्या कशावरून नाही?" म्हटलं, शाबास, असंच विचारायचं. त्यांनी त्यांच्या कारकुनाला बोलावलं. कारकून फोनवर आला, मी म्हटलं, "सातवी ब-ला दोन चित्रकलेचे तास लागोपाठ लावू नका म्हणून कितीदा सांगितलं?" तिकडून आवाज आला, "सर, या बाईच आहेत." तुझ्या माघारी इतकी वर्षं प्रश्नांना उत्तरं देत बसले, त्याचं असं सार्थक होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. घुबडाने सगळ्यात त्रासदायक शाळा मागून घेतल्या. संध्याकाळी त्याचा आवाज पूर्ण गेला, तरी तो चिठ्ठ्या लिहून शेजारच्याकडून बोलून घेत होता.

शनिवारी पुष्कळ काम उरकलं. रविवारी गाडी अडली. उरलेल्या शाळा लांबच्या, सुट्टीच्या दिवशी फोन उचलायला कुणी नाही, आणि दुपारनंतर माणसं परतीला लागणार. जेवणं झाली होती. लोक पेले गोळा करत होते. काम मोठं झालं होतं, पण पुरं झालं नव्हतं, आणि अर्ध्या शाळा नव्या किल्लीवर आणि अर्ध्या जुनीवर म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे. मी फळ्यापुढे उभी राहून उरलेल्या चौकोनांकडे बघत होते. मनात म्हटलं, मागायला हवी होती का?

तेवढ्यात मुंगी आली. ही मुलगी कधी पळत नाही, ती पळत आली. माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, पान बघा."

नव्या किल्लीच्या खाली एक साक्ष लागली होती. जुन्या किल्लीची.

मला आधी कळलंच नाही. मी चष्मा काढला, पुसला, घातला. मुंगी म्हणाली, "उरलेल्या सगळ्या शाळा उद्या उघडल्या की आपोआप नवी किल्ली मानतील. एकही फोन करायला नको." मग म्हणाली, "तिने शब्दही लिहिला नाही."

बरं केलंस शब्द लिहिला नाहीस. मी मंचावर गेले. ते पान पडद्यावर लावलं. ज्यांना वाचता आलं ते उभे राहिले, त्यांना बघून बाकीचे. मग जी टाळी सुरू झाली ती काय सांगू. बाकं वाजवली लोकांनी, पर्यवेक्षिकेच्या देखत, आणि मी वाजवू दिली. घुबड शेवटच्या बाकावर दोन्ही हात तोंडावर धरून बसला होता. मी रडले असं तुझे आतोबा सांगतील. त्यांच्यावर विश्वास ठेव.

लगेच आम्ही तिघांनी, मी, मुंगी आणि भांडखोर जोडीतली बायको, दुरुस्त आवृत्तीवर सही केली. काल सोमवारी शाळा उघडल्या. मुंगी माझ्याकडेच राहिली होती, दोघी चहा घेऊन पडद्यासमोर बसलो. दुपारी त्या शिक्षिकेचा निरोप आला, डबा मांडीवर ठेवणाऱ्या मुलांच्या शिक्षिकेचा. 'मुलं आज मैदानात जेवली. मीसुद्धा.' एवढंच. जिंकणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं.

तुझ्या त्या किल्लीने आता काही उघडत नाही. तिचं शेवटचं काम तिने केलं. ठेव किंवा पुसून टाक, तुला कुणी विचारणार नाही. दाराशी कुणी उभं नाही. पाच जण आहोत आम्ही, आणि आमच्यातलं कुणीही दमलं तर हक्काने झोपायला जाऊ शकतं. तू मोकळी झालीस, आणि ते तुझं तू केलंस.

आणि इथे माझी पंचाईत झाली. इतके दिवस तुला लिहायला माझ्याकडे 'तासिका' होती. संमेलन होतं, गोम होती, किल्ली होती, आणि किल्ली न मागणं हेही एक काम होतं. आज कागद घेऊन बसले तर काम म्हणून काहीच उरलेलं नाही. आडून बोलायला जागाच नाही. म्हणून सरळ लिहिते, आणि हे मी तुझ्याकडे खरोखर मागतेय. मला तुझी फार आठवण येते. दादाकडे येशील तेव्हा इकडे ये. कशाला म्हणून विचारू नकोस, कशालाच नाही.

कसलंही काम नसलेली,
तुझी आत्या